जुन्नर स्टँडवर ओढलेला पदर

मी मोटारी भरतो. आळेफाट्यावर माझं छोटं दुकान आहे. विहिरीवरची किंवा बोअरची मोटार जळाली की लोक माझ्याकडे आणून टाकतात. मी आतली जुनी तार काढतो, नवी भरतो, वार्निश करून वाळवतो. तीस वर्षं हेच काम करतोय. हे आधी सांगतो, कारण आता तालुक्यात मला वेगळ्याच गोष्टीवरून ओळखतात.

मला साडी नेसायला आवडते. कधीपासून, ते नक्की सांगता येत नाही. लहानपणी आईचं लुगडं दोरीवर वाळत असलं की मी त्याच्या ओल्या कापडाला गाल लावून उभा राहायचो, एवढं आठवतं. आजोबांची मेंढरं होती. वडिलांनी ती विकून शेती धरली. मी शेती सोडून मोटारीत आलो. तेव्हा आमच्या घरात बापाच्या वाटेनं न गेलेला मी काही पहिला नाही, असं मी मनाला समजावतो. पण ते समजावणंच. मेंढरं सोडली म्हणून कुणी कुणाला हसलं नव्हतं.

मी बाई नाही. बाई व्हावं असंही मला कधी वाटलं नाही. मिशी तेवढी काढतो, बाकी आवाज, चाल, केस सगळं पुरुषाचं. दुकानात पँट आणि जुना शर्ट. साडी नेसून आरशासमोर उभं राहिलं की छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही, आणि खूप लोकांनी विचारून झालंय.

बायकोला कळलं ते लग्नानंतर चौथ्या वर्षी. ती पिंपळवंडीला माहेरच्या लग्नाला निघाली होती, मुलगी आधीच मामाबरोबर पुढं गेलेली. एसटी चुकली म्हणून परत आली. मी तिची मोरपंखी साडी नेसून घरात उभा. ती उंबऱ्यावरच बसली. हातातली पिशवी मांडीवर तशीच. मग उठून चुलीकडे गेली, चहा केला, स्वतःपुरता, आणि माझ्याकडे पाठ करून प्याली.

पुढे महिनाभर आमच्यात कामापुरतं बोलणं. मुलगी लहान होती, तिच्याच तोंडून निरोप यायचे. मला वाटलं, ही आता माहेरी जाणार. एक दिवस मी जेवत होतो. तिनं भाकरी वाढली आणि खाली बघूनच म्हणाली, "अवं, माजी चांगली साडी घेत जाऊ नका. डाग पडला तर निघायचा न्हाई. ती आमसुली घ्या, ती जुनी हाय."

मी घास हातात धरून बसलो.

"आन उंबऱ्याच्या आत. भाईर न्हाई. पोरीफुडं बी न्हाई."

मी मान हलवली.

तिला ते आवडलं, असं मी म्हणणार नाही. तिला ते कधीच आवडलं नाही. पण पोरगी शाळेत गेली की ती दार लोटून घ्यायची आणि माझ्यासमोर गुडघ्यावर बसून निऱ्या सारख्या करायची. "तुमास्नी इतकी वरसं झाली तरी जमंना," म्हणायची. तिचं पोलकं मला व्हायचं नाही. म्हणून तिनं एक उसवलं, दोन्ही अंगांना जुन्या साडीची पट्टी जोडली आणि मशीनवर शिवून माझ्या मापाचं केलं. आवडत नसलेल्या गोष्टीसाठी इतका नेटका टाका घालणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

ती पोटाच्या आजारानं गेली. पुण्याच्या दवाखान्यात नेलं, आणलं, पुन्हा नेलं. मुलीचं लग्न होऊन ती घोडेगावला नांदत होती. दहावा-तेरावा झाला, पाहुणे गेले, मुलगी गेली, आणि घरात मी एकटा राहिलो.

मला वाटलं होतं, आता कुणी अडवायला नाही, तर हवी तेव्हा नेसता येईल. एका दुपारी दार लावून आमसुली साडी नेसलो. आरशासमोर उभा राहिलो. काहीच झालं नाही. ओझं उतरलं नाही. साडी नुसतं कापड होऊन अंगावर लटकली. तेव्हा कळलं की इतकी वर्षं घरात दोन डोळे होते, नाराज का असेनात, पण बघत होते. आता बघणारं कुणी नव्हतं. कुणीच बघत नसेल तर मी ती नेसतोय हेसुद्धा खरं आहे की नाही, असं वाटायला लागलं.

म्हणून मी उंबऱ्याबाहेर पडलो. तिनं मला त्या बोलातून मोकळं केलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

आधी घरामागच्या बांधापर्यंत. मग गावाच्या कडेच्या रस्त्यानं. काही बायकांनी पाहिलं आणि वाट बदलली. मग रविवारी दुकान बंद असायचं तेव्हा मी जुन्नरला जायला लागलो. बाजारात गर्दी असते, आपल्याला ओळखणारे कमी असतात, असा माझा हिशोब. खांद्याला पिशवी, पायात नेहमीच्या चपला, साधी सुती साडी. भाजी घ्यायची, चहा प्यायचा, परत यायचं. एवढंच.

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या मोठ्या माणसांनी मला फारसा त्रास दिला नाही. ती बघायची, एकमेकांना कोपरानं ढोसायची, पुन्हा आपल्या कामाला लागायची. एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे आशीर्वाद मागितला. मी तसला नाही म्हटल्यावर तोच ओशाळला. त्रास दिला तो पोरांनी. तिघं होते, कॉलेजातले, पाठीला सॅक, सोळा-सतरा वर्षांचे. एका मोटारसायकलवर तिघं बसायचे. पहिल्या वेळी नुसतेच ओरडत गेले, "ए मावशे, टाळी वाजिव की!" पुढच्या वेळी गल्लीतून मागं मागं चालत आले. "मॅडम, दाढी करायची राह्यली जनू." "मॅडम, साहेब कुठं सोडलं?" मी मान खाली घालून चालत राहिलो. पाण्याचं पाऊच फोडून त्यांनी माझ्या पाठीवर मारलं. ओलं पोलकं पाठीला चिकटलं आणि त्यावरून ते आणखी काही बोलले, ते मी इथं लिहीत नाही.

पुढच्या रविवारी जाऊ नये असं ठरवलं होतं. तरी गेलो. शूर होतो म्हणून नाही. घरात बसवत नव्हतं.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर बसलो होतो. पलीकडे बाजार करून निघालेल्या बायका पिशव्या पायाशी घेऊन बसल्या होत्या. त्यात पिंपळवंडीची एक म्हातारी होती, माझ्या बायकोची मावशी. तिनं मला पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. मीही हाक मारली नाही.

ती तीन पोरं आली. आज एकाच्या हातात मोबाईल, माझ्याकडे रोखलेला. दुसऱ्याच्या हातात कुरकुरे. तिसऱ्यानं केसांचा पुढचा झुपका तांबडा रंगवलेला.

"बोला मॅडम, सबस्क्राईब करायला सांगा," मोबाईलवाला म्हणाला.

मी तोंड फिरवलं. मागून कुणीतरी पदर ओढला. पदर खांद्याला पिनेनं टाचलेला होता. पीन सुटली नाही. पोलकंच खांद्यापासून टरकलं आणि कुशीतल्या पट्टीचा टाका उसवला. त्या उसवण्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मशीनवर वाकलेली तिची मान डोळ्यांपुढं आली.

मी उभा राहिलो. "कुणी वढला?"

तिघंही हसले. स्टँडवरची माणसं आमच्याकडे बघायला लागली. एक पोर म्हणालं, "वाऱ्यानं उडाला आसंल."

तेवढ्यात मावशी उठली. गुडघ्यावर हात ठेवत जवळ आली आणि पोरांना म्हणाली, "आरं सोडा रं त्येला. लाज न्हाई वाटत व्हय? बायकू मरून वरीस न्हाई झालं त्येची. डोस्क्यावर परिनाम झालाय गरिबाच्या. तिच्याच साड्या नेसून हिंडतोय. दुख्खात माणूस असाच व्हतो."

मोबाईल खाली आला. कुरकुरेवाल्यानं चघळणं थांबवलं. तांबड्या झुपक्याचं पोर माझ्याकडे न बघता म्हणालं, "सॉरी काका. आमाला म्हाईत नव्हतं."

आजूबाजूच्या माणसांचे चेहरेही मऊ झाले. एका बाईनं "अगं बाई!" म्हणून चुकचुकल्याचं मला आठवतं. मी खाली बसलो असतो तर गोष्ट तिथंच मिटली असती. त्या दिवसापासून मी सबंध तालुक्यात बायकोच्या दुःखानं वेडा झालेला माणूस झालो असतो. पुन्हा कुणी पाण्याचं पाऊच मारलं नसतं. कदाचित कुणी चहासुद्धा पाजला असता.

पण ते खोटं होतं. आणि त्या खोट्यात मीच नाही, तीही पुसली जात होती. निऱ्या धरणारी, पट्टी जोडणारी, मनाविरुद्ध दार लोटून घेणारी.

"मावशी," मी म्हणालो, "माजं डोस्कं ठिकाणावर हाय."

"आवं पावणं, गप ऱ्हावा. मी बोलतीय न्हवं?"

"न्हाई मावशी. ती जिती असताना बी मी नेसत व्हतो. लगनाच्या आधीपासनं. तिला ठावं व्हतं. ह्ये पोलकं तिनंच शिवून दिलंय."

मावशीचा चेहरा मी विसरू शकत नाही. तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं आणि मागं सरकली. चुकचुकणारी बाई दुसरीकडे बघायला लागली. ज्या पोरानं सॉरी म्हटलं होतं, त्याला आता आपण सॉरी म्हटल्याची लाज वाटली असावी. तो सगळ्यांत मोठ्यानं हसला. मोबाईल पुन्हा वर आला.

मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"काढ. नीट काढ. पाठीमागनं नको, तोंडाफुडनं काढ. आन काय इचारायचं त्ये मान वर करून इचार."

मोबाईलवाल्या पोरानं मित्रांकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमी... छक्का हाय का?"

"न्हाई. आन असतो तरी तुला पदर वढायचा हक्क नव्हता."

"मंग कशाला नेसता?"

"आवडतं म्हणून."

"असं कुठं असतं का राव?"

"असतं. हे काय फुडं हुबं हाय."

कुणीतरी मागून हसलं. मी पोराकडे बघूनच बोलत होतो, पण आवाज आता स्टँडभर जात होता, हे मला कळत होतं.

"मी बाई असतो आन तू माजा पदर वढला असता, तर ह्या स्टँडवरच्या माणसांनी तुला तुडवून काढला असता. खरं का न्हाई? मंग माज्याच पदराला काय झालं? त्यो काय पदर न्हाई?"

मी स्टँडवरच्या माणसांकडे पाहिलं. एक कंडक्टर तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून उभा होता. तो म्हणाला, "जाऊ द्या ओ भाऊ. तुमी बी कशाला असलं नेसून यायचं मानसांत?" मला पोरांच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं, कारण तो चांगल्या मनानं बोलत होता.

कुरकुरेवाल्या पोरानं मोबाईलवाल्याची बाही ओढली. "चल राव, बास झालं." तिघं निघाले. लांब गेल्यावर एकानं शिट्टी मारली, पण त्या शिट्टीत जोर नव्हता. मी बाकावर बसलो. माझ्या शेजारची जागा गाडी येईपर्यंत रिकामी राहिली. गाडीत मी उसवलेल्या कुशीवर हात दाबून बसलो होतो.

ती चित्रफीत दोन दिवसांत आळेफाट्याला पोहोचली. दुकानात आलेल्या माणसाच्या मोबाईलमधून मी माझाच आवाज ऐकला. काही गिऱ्हाइकं कमी झाली. काही राहिली, कारण मोटार बंद पडली की पाणी थांबतं आणि पाणी थांबलं की माणूस बाकीचं विसरतो. कुणी एकानं तोंडावर सांगितलं, "काय बी म्हना, बोलला चांगलं." पण हेही त्यानं दुकानात दुसरं कुणी नाही बघून सांगितलं.

मग मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. ती आजारी असताना माझ्याबरोबर दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो किती वेळ बसला होता, डब्यातला घास त्यानं मला बळं खायला लावला होता. माझा त्याच्यावर जीव. तो आत आला नाही. दुकानाच्या दारात उभा राहिला.

"दाजी, तुमी काय बी करा. तुमचं तुमच्यापाशी. पर आमच्या ताईचं नाव चार लोकांत कशाला घेतलं?"

"खरं त्ये सांगितलं."

"खरं!" त्याचे डोळे भरले. "खऱ्यानं ती काय परत येनार हाय? लोकं म्हनत्यात, तिला ठावं व्हतं, म्हंजी ती बी तसलीच. मेलेल्या मानसाला बोल लागला, दाजी. मावशी दोन दिस जेवली न्हाई."

मी हातातली तार खाली ठेवली.

तो म्हणाला, "अजून बी वेळ गेली न्हाई. आमच्यात येऊन म्हना, दुख्खात झालं, डोकं फिरलं व्हतं. मी सगळ्यांला समजावतो. लोकं इसरत्याल."

तो मनापासून सांगत होता. त्याला मी हवा होतो, फक्त थोडा वेडा करून हवा होतो. मी म्हणालो, "मी वेडा झालो म्हनलं तर तिनं वीस वरसं एका वेड्याला सांभाळलं असं व्हईल. तसं न्हाई झालेलं. तिनं मला सांभाळलं."

त्यानं मान हलवली. मग गाडीला किक मारली. त्यानंतर तो माझ्या दुकानात आलेला नाही.

त्याचं बोलणं चुकीचं होतं असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. स्टँडवर मी माझ्यासाठी बोललो, की तिच्यासाठी? तिला विचारता आलं असतं तर ती काय म्हणाली असती? "उंबऱ्याच्या आत," हेच म्हणाली असती, बहुतेक.

वर्षश्राद्धाला मी सगळ्यांना जेवायला सांगितलं. भावकीत घरोघरी गेलो, पँट-शर्ट घालून. पिंपळवंडीला फोन केला, कुणी उचलला नाही. आचारी लावला, अंगणात मांडव घातला. भटजी आले, विधी उरकून, जेवायचं नाही म्हणून निघून गेले. ऊन वर आलं. शेजारची दोन म्हातारी माणसं आली, पानावर बसली, घाईघाईनं जेवली. बाकी पत्रावळ्या तशाच राहिल्या. आचाऱ्यानं विचारलं, "भाऊ, अजून कोण यायचं हाय का?" मी म्हणालो, थांबा जरा.

दुपार कलल्यावर मुलगी आली. घोडेगावाहून एसटीनं, एकटी. बाळ सासरी ठेवून.

"तिकडं काय सांगून आलीस?"

"मैत्रिणीकडं जाते म्हणाले."

तिनं आईच्या फोटोला हार घातला. मग आम्ही दोघं त्या मोकळ्या मांडवात समोरासमोर बसून जेवलो. तिनं चित्रफितीचं नाव काढलं नाही. आमटी पुन्हा वाढून घेतली. मला वाटलं, निभावलं. जेवून हात धुतल्यावर ती आत गेली आणि आईची ट्रंक उघडून बसली.

"आप्पा, आईच्या साड्या घेऊ का? आठवण म्हणून."

"सगळ्या घे. विचारायचं काय त्यात?"

ती एकेक साडी बाहेर काढून मांडीवर ठेवत होती. तिचा हात मध्येच थांबला.

"आप्पा, आईला हे आवडत होतं का?"

"नाही."

"मग ती भांडली का नाही तुमच्याशी?"

"गप्प राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटायचं."

ती रडायला लागली. मी जवळ गेलो, पण खांद्यावर हात ठेवायचं धाडस झालं नाही. तिनंच डोळे पुसले.

"मला सांगायचं होतं तुमी दोघांनी. माझ्याच घरात, मलाच माहीत नव्हतं. कॉलेजातल्या पोरांच्या व्हिडिओत बघितलं मी."

मी तिच्याजवळ खाली बसलो. ती खालच्या आवाजात म्हणाली, "यातल्या तुमी नेसलेल्या कुठल्या?"

मी दाखवल्या. आमसुली, निळ्या काठाची, आणखी दोन. तिनं त्या बाजूला केल्या. रागानं नाही. एकेक नीट घडी घालून, काठ काठाला जुळवून, ट्रंकेत परत ठेवल्या. उरलेल्या पिशवीत भरल्या. मी तिला फाट्यापर्यंत पोहोचवायला गेलो. गाडी आली तेव्हा ती वाकून माझ्या पाया पडली. खिडकीशी बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून पुढं बघत राहिली.

अधूनमधून तिचा फोन येतो. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, बाळाला दात आला. रविवारी मात्र ती फोन करत नाही. मी रविवारी जुन्नरला जातो, हे तिला ठाऊक आहे. ती तीन पोरं मला पुन्हा दिसली नाहीत, की दिसूनही मी ओळखली नाहीत, कोण जाणे. दुसरी पोरं बोलतात. त्यांतल्या काहींना मी थांबून उत्तर देतो, काहींना देत नाही. मुलीचा फोन सोमवारी सकाळी येतो. ती विचारते, "काल काय केलं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत घाईघाईनं बाळाचं काहीतरी सांगायला लागते.